पाचवे कलम रद्द, पण खोडू नये

मी, जुन्या सिंथेसायझरांची सूर ओढायची चाके दुरुस्त करणारा, वय सत्तरीच्या पलीकडे, राहणार दुकानाच्याच गल्लीत वरच्या मजल्यावर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या पेनाने आणि खोलीचे दार आतून लावून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा दाखला डॉक्टरांनी दिला आहे, पण त्यांनी मला फक्त आजचा वार विचारला आणि खिडकीबाहेर बघत सही केली, त्यामुळे त्या दाखल्यावर माझाच फारसा भरवसा नाही. कोणी मला धाक घातलेला नाही, भुलवलेले नाही, काही पाजलेले नाही. भावजयीने चहा करून दिला होता, तो मी गॅलरीतल्या कुंडीत ओतला.

वकीलबाई म्हणाल्या, “मी टाइप करून आणते, सुटसुटीत होईल.” त्यात नेमके काय सुटणार, असे मी विचारले. त्या हसल्या. हसून उत्तर टाळणाऱ्या माणसाकडे मी कागद देत नाही, म्हणून हे हाताने लिहिले आहे. लिखाण एका बैठकीत झालेले नाही. मधे काही आठवडे गेले, त्यात माझे मत बदलले आणि पुन्हा बदलले. जी कलमे रद्द केली ती वाचता येतील अशी तशीच ठेवली आहेत. खोडाखोड दिसली की लोक म्हणतात, म्हाताऱ्याच्या मागे कोणीतरी हात मारला. सगळी कलमे क्रमाने वाचावीत. शेवटचे कलम आधी वाचू नये. माझा भाऊ तसेच करणार, हे मला माहीत आहे.

कलम १. राहती जागा, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गॅलरी, माझ्या धाकट्या भावास द्यावी. तो वाईट माणूस नाही, त्याला स्वतःचे मत नाही एवढेच. त्याचे मत त्याच्या बायकोकडे असते. गेल्या वर्षी मला न्यूमोनिया झाला तेव्हा ही भावजय रोज सूप घेऊन येत असे. एके दिवशी मी डोळे मिटून पडलो होतो, झोपलो नव्हतो. तिने वितीने खिडकी मोजली. आधी आडवी मोजली, मग उभी मोजली, आणि आकडा ओठांत घोळवत आत गेली. मी बरा झालो तेव्हा तिला आनंद झाला, नाही असे म्हणत नाही. पण तो पडद्याचे कापड दुकानात परत करावे लागलेल्या बाईचा आनंद होता. तरीही घर त्यांनाच. रक्ताचे नाते आहे, काय करणार! माप आधीच घेतलेले असल्यामुळे ताबा घ्यायला त्यांना वेळ लागू नये. अट एकच, गॅलरीतली कुंडी फेकू नये. भावजयीच्या चहावर ते झाड चांगले पोसले आहे.

कलम २. बँकेत जी शिल्लक असेल ती भाऊ आणि भाची या दोघांना निम्मी निम्मी. किती आहे ते इथे लिहीत नाही. हा कागद मी मेल्यावरच वाचला जाईल अशी माझी खात्री नाही.

कलम ३. समोरच्या फुटपाथवरच्या दुकानदारास, ज्याला मी फवारेवाला म्हणतो आणि जो मला काय म्हणतो ते माझ्या कानावर आलेले आहे, माझ्याकडचा स्प्रेचा रिकामा डबा द्यावा. कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी माझ्यावर खुनशीपणाचा ठपका ठेवणार नाही.

सिंथच्या डाव्या अंगाला, पट्ट्यांच्या अलीकडे, एक चाक असते. अंगठ्याने पुढे ढकलले की सूर चढतो, मागे ओढले की उतरतो, आणि सोडून दिले की स्प्रिंगच्या जोरावर चाक मध्यावर येते आणि सूर आपल्या घरी परततो. चाकाखाली पॉट नावाचा, सूर बदलणारा लहान भाग असतो. त्यात काळ्या कार्बनची गोलसर पट्टी आणि तिच्यावर फिरणारी धातूची जीभ. वर्षानुवर्षे वाजवून ही पट्टी मधोमध झिजते, कारण जीभ सगळ्यात जास्त तिथेच घासते. मग चाक सोडले तरी सूर थरथरतो, भलत्याच जागी थांबतो. फवारेवाला काय करतो? फटीतून साफसफाईच्या स्प्रेचा फवारा मारतो, चाक मागेपुढे करतो आणि म्हणतो, “झालं, एकदम नवं!” महिनाभर बरे चालते. मग तेच वाद्य माझ्याकडे येते, आतले वंगणसुद्धा धुऊन निघालेले.

मी जुना पॉट टाकून देत नाही. तसे पॉट आता कोणी बनवत नाही, आणि दुसरा बसवला की वाजवणाऱ्याच्या अंगठ्याला कळते. चाकाला पट्टीचा मधला तुकडाच लागतो, दोन्ही टोके कोरी राहतात. मी पॉट सोडवून थोडासा फिरवून बसवतो, म्हणजे जीभ कोऱ्या जागेवर येते. फिरवल्याने बिघडलेला मध्य, म्हणजे चाक सोडल्यावर सूर जिथे थांबायला हवा ती जागा, मग शेजारच्या बारीक स्क्रूने पुन्हा जुळवतो. शेजारधर्म म्हणून हे मी फवारेवाल्याला एकदा समजावले होते. पुढच्याच आठवड्यात त्याने ‘पॉट फिरवून मिळेल’ अशी पाटी लावली. तेव्हापासून मी कोणाला काही समजावत नाही.

कलम ४. हत्यारे, स्प्रिंगांचे डबे, हेडफोन आणि एकच स्थिर सूर देणारी माझी डबी भाचीस. मध्य जुळवायची माझी पद्धत माझी स्वतःची आहे. हेडफोनच्या डाव्या बाजूला मी डबीचा सूर सोडतो, उजव्या बाजूला वाद्याचा. एका कानात एक, दुसऱ्या कानात दुसरा. स्क्रू फिरवत गेले की दोन्ही सूर सरकत सरकत डोक्याच्या मधोमध येऊन भेटतात. भेटले की मध्य साधला. सूर काट्यावर मोजणारे मीटर मी वापरत नाही. मीटर ज्यांना कान नाहीत त्यांच्यासाठी असते.

भिंगाचा दिवा शेजारच्या चष्मेवाल्याला द्यायचा होता. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. त्याला विचारले तर त्याने दिवा सोडून साक्षीदार होणे पसंत केले. असे का केले असेल, याचा मी अजून विचार करतो आहे. दिवाही भाचीसच द्यावा.

कलम ५. दुकान, जागेसकट, टेबल, फळ्या, पाटी आणि गिऱ्हाइकांसकट, भाचीस.

ही माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. लिफ्टच्या कंपनीत दुरुस्तीचे काम करायची. चाळिशीला टेकली तेव्हा एक दिवस येऊन म्हणाली, “मामा, वर-खाली करून कंटाळा आला. तुमच्याकडे काही आहे का?” मी म्हणालो, “माझ्याकडेही वर-खालीच आहे. पण इथे पडून कोणी मरत नाही.” पहिले वर्षभर मी तिला नुसत्या स्प्रिंगा पुसायला दिल्या. तिने तक्रार केली नाही. तक्रार न करणाऱ्या माणसाबद्दल मला फार शंका येते, म्हणून आणखी एक वर्ष दिल्या. मग तिला पॉट उघडायला दिला, आणि पाहिले तर तिचा हात माझ्यापेक्षा हलका होता. हे मी तिला कधी सांगितले नाही. मृत्युपत्रात सांगितलेले चालते, असे मी समजतो.

मला बायको-मुले नाहीत. तरुणपणी एका ठिकाणी ठरत आले होते. तिकडच्या मंडळींनी माझी चौकशी केली, म्हणून मीही त्यांची केली. दोन्ही चौकश्या एकाच आठवड्यात पूर्ण झाल्या आणि विषय संपला. तेव्हा माझ्या मागे हे काम जिवंत राहायचे तर ते भाचीच्या हातातच राहील. दुकानाचे काही झाले तर माझे काही राहिले नाही, असे समजावे. बाकी सगळे किरकोळ आहे.

कलम ६. कलम ५ रद्द.

काम पूर्ण झाले की मध्याच्या स्क्रूवर मी लाल नेलपॉलिशचा ठिपका ठेवतो. तो वाळला की तेच माझे सील. नंतर कोणी स्क्रू हलवला तर ठिपका तडकतो आणि मला कळते. नेलपॉलिश विकणारी बाई दर वेळी विचारते, “मिसेससाठी का?” मी हो म्हणतो. जास्त सांगितले की लोक जास्त विचारतात. माझी सध्याची बाटली जुनी झाली आहे. पॉलिश घट्ट आहे आणि वाळल्यावर मातीसारखे निस्तेज दिसते. गेल्या सोमवारी एका वाद्याचे झाकण गिऱ्हाइकाला दाखवायला उघडले, तर माझा ठिपका चकाकत होता.

मी झाकण लावून गिऱ्हाइकाला वाटेला लावले. तो गेल्यावर फळीवरची तयार वाद्ये एकेक करून भिंगाखाली धरली. सगळ्यांचे ठिपके चकाकत होते. रंग तोच, बाटली वेगळी. म्हणजे कोणीतरी माझे सील तोडून, आत काहीतरी करून, वर नवीन ठिपका ठेवत होते. दुकानाची दुसरी किल्ली एकाच माणसाकडे आहे.

अस्सल जुन्या पॉटला आज मागेल ती किंमत मिळते. ते काढून आत दुसरे काहीतरी बसवायचे आणि वरून माझा ठिपका द्यायचा, इतका साधा धंदा आहे. दुपारी मी घरी जाऊन पाठ टेकतो तेवढा वेळ पुरेसा आहे. कुंपणानेच शेत खाल्ले तर राखायला कोणाला ठेवायचे? दिवसभर मी भाचीशी नेहमीसारखा बोललो, ताकास तूर लागू दिली नाही. घरी येऊन हे कलम लिहिले. अक्षर वाकडे आले आहे, ते रागाने. वाचणाऱ्याने दुसरा अर्थ काढू नये.

कलम ७. दुकान धाकट्या भावास.

त्याला बोलावून सांगितले. बरोबर भावजय आली, तिला बोलावले नव्हते.

“दादा, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही,” भाऊ म्हणाला.

“म्हणूनच देतोय. ज्याला कळतच नाही तो चोरणार काय?”

“पण भाची? तिनं एवढी वर्षं केलंय तुमच्याबरोबर.”

“काय काय केलंय तेच बघतोय.”

त्याने बायकोकडे पाहिले. ती लगेच म्हणाली, “रस्त्यावरची जागा आहे दादा. चपलांचं दुकान मस्त चालेल.” इतके तयार उत्तर एका क्षणात सुचत नाही. ती गेल्यावर मला रडू आले, हे लिहून ठेवतो. माझ्या टेबलाच्या जागी चपला मांडलेल्या मला दिसत होत्या.

कलम ८. कलम ७ तूर्त कायम. पण पुरावा हवा म्हणून मी एक व्यवस्था केली, तिची नोंद.

दुरुस्तीला आलेल्या एका वाद्याच्या पॉटच्या पाठीवर सुईने बारीक खूण कोरली. पॉट फिरवून बसवला, मध्य जुळवला, ठिपका ठेवला आणि वाद्य फळीवर ठेवून नेहमीप्रमाणे “येतो गं” म्हणून निघालो. घरी न जाता शेजारी चष्मेवाल्याकडे गेलो. त्याच्या तपासणीच्या खुर्चीत बसले की भिंतीवरच्या मोठ्या आरशात माझ्या दुकानाचे दार आणि टेबल दिसते. आरशात उलटे दिसते, पण चोरी उलटी असली तरी चोरीच.

“काका, नंबर तपासू का?” चष्मेवाल्याने विचारले.

“डोळे ठीक आहेत. माणसं तपासतोय.”

“अहो, सरळ विचारा की तिला.”

“सरळ विचारलं की सरळ उत्तर येतं. मग ते खरं की खोटं, हे कोणी ठरवायचं?”

तो मान हलवत काचा पुसू लागला. तेवढ्यात भाचीने फळीवरून तेच वाद्य काढले. झाकण उघडले, टेबलाच्या खणातून काहीतरी लहान यंत्र काढून जोडले, स्क्रू ड्रायव्हर घातला आणि मनगट इतके थोडे फिरवले की फिरवले की नाही अशी शंका यावी. मग फुंकर, ठिपका, झाकण. खिशात काही गेले नाही. पिशवीतही काही गेले नाही.

परत जाऊन, ती पाणी प्यायला आत गेली तेव्हा, मी झाकण उघडले. पॉट माझाच होता. पाठीवर सुईची खूण होती. काहीही चोरलेले नव्हते. फक्त स्क्रू जागचा हलला होता, केसभर.

एखाद्याला यावर हायसे वाटले असते. मला नाही वाटले. चोरी नाही, म्हणजे त्याहून खोल पाणी मुरत होते. ही माझे जुळवलेले सूर बिघडवून वाद्ये बाहेर पाठवते आहे! गिऱ्हाइके म्हणणार, म्हातारा संपला. आता भाचीकडेच द्या. दुकान मिळेपर्यंत थांबायचीही तिची तयारी नाही. त्या संध्याकाळी तिने “मामा, बरं वाटत नाही का?” असे विचारले, आणि तो प्रश्नही मी संशयाच्या खात्यात टाकला.

कलम ९. पुढच्या आठवड्यात माझ्या बहिणीच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले आणि भाची तिच्या उशाशी जाऊन राहिली. मला बहिणीची काळजी वाटली आणि दुकानापुरते बरेही वाटले. आता माझे काम माझ्याच सीलखाली बाहेर जाणार होते.

हॉटेलात वाजवणारा एक वादक आहे. भर उन्हाळ्यातही कोट घालतो म्हणून आम्ही त्याला कोटच म्हणतो. चाकावर त्याचा अंगठा इतका असतो की दर दोनेक वर्षांनी पट्टी झिजवून आणतो. त्याचे वाद्य मी तयार करून दिले, ठिपका माझा, मातकट. तो तिसऱ्या दिवशी वाद्य घेऊन परत आला.

“काका, रागवू नका हं.”

असे म्हणत जो दुकानात शिरतो, तो रागवण्यासारखेच काहीतरी घेऊन आलेला असतो. “बोल,” मी म्हणालो.

“चाक सोडलं की सूर घरी येत नाही. दारात येऊन थांबतो. सॅक्सोफोनवाल्यानं काल सारखं वळून बघितलं माझ्याकडे.”

“त्याचाच चढला असेल.”

“पियानोवालीनंही बघितलं.”

“मग दोघांचं साटंलोटं असेल.”

वाद्य टेबलावर घेतले. भाची तर गावात नव्हती, ठिपका तडकलेला नव्हता. हेडफोन घातले, डाव्या कानात डबी, उजव्या कानात वाद्य. सूर अगदी मधोमध भेटत होते. मी हेडफोन काढून कोटच्या डोक्यावर चढवले. “घे, तूच ऐक.”

त्याने ऐकले आणि बारीक आवाजात म्हणाला, “काका, उतरलाय.”

मी हेडफोन त्याच्या डोक्यावरून हिसकावले आणि पुन्हा घातले. रागाच्या भरात ते उलटे घातले गेले, डबी उजव्या कानात आणि वाद्य डाव्या कानात. आणि मला वाद्य उतरलेले ऐकू आले. थोडेथोडके नाही, चांगलेच उतरलेले.

आधी मी तारेवर संशय घेतला. तार बदलली. मग हेडफोनवर घेतला, आणि भाचीचे हेडफोन लावले. सरळ घातले की मध्य बरोबर, उलटे घातले की खाली. सरळ, उलटे, सरळ, उलटे. कोट कोपऱ्यात उभा राहून कोटाची बटणे लावत आणि सोडत होता. वाद्य तेच होते, डबी तीच होती, तार नवी होती. बदलत होते ते फक्त माझे कान. मला भीती वाटली. मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. कोटने पाणी आणून दिले आणि ते मी प्यायलो.

कानाच्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी तपासले. “तुमचा उजवा कान प्रत्येक सूर थोडा चढा ऐकतोय,” ते म्हणाले. “डावा ठीक आहे. गेल्या वर्षीच्या आजारपणात झालं असेल, वयही आहेच.”

“बरा होईल?”

“सांगता येत नाही. पण बोलणं-बिलणं सगळं नीट ऐकू येईल तुम्हाला.”

बोलणे ऐकून मला काय करायचे होते? माझ्या पद्धतीत वाद्य उजव्या कानात असते. तो कान चढे ऐकतो, म्हणून मी वाद्य उतरवत होतो, आणि माझ्या डोक्यात दोन्ही सूर गुण्यागोविंदाने भेटत होते. जो मीटर वापरतो त्याला ही चूक कधी झाली नसती. मी मात्र आजारातून उठल्यापासून प्रत्येक वाद्य खोटे जुळवले होते, आणि तरी एकही परत आले नव्हते. का परत आले नव्हते, हे डॉक्टरांच्या जिन्यात मला समजले. पायऱ्या उतरायला मला बराच वेळ लागला.

कलम १०. भाची परत आली. मी विचारले, “कधीपासून?”

तिने ‘काय कधीपासून?’ असे विचारले नाही. पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, “तुमच्या न्यूमोनियानंतर लगेच.”

“मला सांगायचं नाही?”

“सांगितलं होतं, मामा. तुम्ही दुकानात परत आलात त्याच आठवड्यात. तुम्ही म्हणालात, मीटर ज्यांना कान नाहीत त्यांच्यासाठी असतं, मध्ये बोलू नकोस.”

वाक्य माझेच होते, त्यामुळे त्यावर हरकत घेता आली नाही. “मग दुसऱ्यांदा सांगायचं.”

“दुसऱ्यांदा सांगितलं असतं तर तुम्ही स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला असता. आणि परत उचलला नसता.”

मी टेबलावरचा स्क्रू ड्रायव्हर उचलून पुसला.

“पॉट तुम्हीच फिरवता, जीभ तुम्ही वाकवता, स्प्रिंग तुम्ही लावता,” ती म्हणाली. “मी फक्त शेवटचं केसभर करते. त्यात माझं काय मोठं?”

“आणि यात तुझा फायदा काय?” इतका चांगुलपणा कोणी फुकट करत नाही, ही माझी जन्माची समजूत आहे.

“तुमची कटकट रोज ऐकायला मिळते, आणखी काय? मात्र दुपारी लवकर परत येत जाऊ नका. पॉलिश वाळत नाही आणि माझी नुसती धांदल होते.”

ती हसली. मी हसलो नाही. मला तिचा राग आला होता, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. तिने चोरी केली असती तर सोपे होते, चोराला दार दाखवता येते. जी बाई रोज दुपारी माझे नाव सांभाळत होती, तिच्यावर मी शेजारच्या खुर्चीत बसून पहारा केला. मला लाज वाटली. ती तिला बोलून दाखवायची हिंमत त्या दिवशी झाली नाही, आणि नंतरही झालेली नाही. म्हणून इथे लिहिली.

कलम ११. कलम ६ रद्द. कलम ७ रद्द, आणि चपलांची कल्पनाही रद्द. कलम ५ सुद्धा रद्द. ते खोडू नये, पण अमलातही आणू नये. दुकान माझ्या पश्चात भाचीला मिळणार नाही, कारण ते आता माझे नाही. मागच्या बुधवारी बक्षीसपत्र करून मी ते तिच्या नावे केले आहे. वकीलबाईंनी विचारले, “मग या मृत्युपत्रात उरलं काय?” मी म्हणालो, “घर, कुंडी आणि फवारेवाला.” बँकेचे मुद्दाम सांगितले नाही. भावजयीला बक्षीसपत्राचे कळल्यावर तिने भावाला माझ्याकडे पाठवले. तो आला, चहा प्यायला, म्हणाला, “दादा, मला तर बरंच वाटलं,” आणि गेला. हे मत त्याचे स्वतःचे असावे, असा मला संशय आहे.

दुकान देताना मी भाचीला एक अट घातली. यापुढे माझे काम माझ्या पाठीमागे उघडायचे नाही, माझ्यासमोर उघडायचे. ती म्हणाली, “बघवेल तुम्हाला?” मी म्हणालो, “ते मी बघतो.”

शेवटी एका प्रसंगाची नोंद करतो. वकीलबाईंच्या मते तो मृत्युपत्रात बसत नाही, पण लिहिणारा मी आहे. काल एक जुने वाद्य आले. पॉट मी फिरवला, जीभ मी साफ केली, स्प्रिंग मी बसवली आणि मध्य माझ्या कानाने जुळवून उठलो. भाची माझ्या खुर्चीत बसली. तिने मीटर जोडले, त्याचा काटा तिच्या बाजूला होता, मला दिसत नव्हता. तिने स्क्रू केसभर फिरवला. मी तोंड फिरवले नाही. मग तिने हेडफोन माझ्या कानांवर ठेवले, नेहमीसारखे, डावीकडे डबी आणि उजवीकडे वाद्य.

सूर चढा होता. स्वच्छ, ठसठशीत चढा. आयुष्यभर ज्या कानांवर जगलो ते दोन्ही कान मला सांगत होते की हिने बिघडवले.

“बरोबर आहे का, मामा?” तिने विचारले.

“बरोबर आहे,” मी म्हणालो, आणि गिऱ्हाइकाला न्यायला बोलाव म्हणून सांगितले.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि कोणी मधे पान घालू नये म्हणून प्रत्येक पानाच्या चारही कोपऱ्यांत सही केली. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी तसे दाखवल्यास ते खोटे समजावे. अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. त्यांच्यावर दुसऱ्या कोणी लक्ष ठेवावे, असे आधी लिहिणार होतो, ते राहू दिले.

(सही) लिहून ठेवणारा, पूर्वीचा दुकानमालक, सध्या त्याच दुकानात कामाला

साक्षीदार १: शेजारचा चष्मेवाला. माझ्यासमोर सही झाली. मजकूर मला वाचू दिला नाही. (सही)

साक्षीदार २: कानाचे डॉक्टर. सही करणारे पूर्ण भानावर आहेत. मी वाराव्यतिरिक्त इतरही बरेच प्रश्न विचारले, असे त्यांच्या आग्रहावरून नमूद करतो. (सही)

स्थळ: दुकानाची मागची खोली, दार उघडे
दिनांक: महिन्याचा शेवटचा गुरुवार, दुपारी, जेवणाच्या सुट्टीत